उपग्रह शोधत आहे

भरलेला टँकर कॉलनीत आला, बारा मिनिटं उभा राहिला आणि भरलेलाच परत गेला, तेव्हा मोबाईल अनंतराव पुराणिकांच्या हातात होता. पुढच्या सगळ्या बेअब्रूला एवढं कारण पुरेसं आहे.

बारा मिनिटं अठरा घरांची माणसं त्या मोबाईलकडं बघत होती. त्यावर एक पिवळं वर्तुळ गरगर फिरत होतं आणि खाली अक्षरं होती, 'उपग्रह शोधत आहे'. टँकरचा कॉक ठिबकत होता. तो कुठल्याही उपग्रहाची वाट न बघता ठिबकत होता, म्हणून शेजारच्या मनकर्णाबाईंनी त्याच्याखाली तांब्या धरला होता. शेवटी ड्रायव्हर पुंडलिकनं बिडी विझवली आणि चाकाच्या सावलीतनं उठला.

"काका, टाइम झाला. हिरवं झाल्याबिगर कॉक खोलायची परमिशन नाय. खोलला तर माझी गाडी बंद करतेत."

"अरे, पण तू इथे उभा आहेस! मी इथे उभा आहे! टाकी ही समोर आहे!"

"मला दिसतंय की काका. वरच्याला दिसंना ना." पुंडलिकनं आकाशाकडं बोट केलं आणि गाडी रिव्हर्सला टाकली. जाताना कॉलनीभर पाण्याची एक बारीक रेघ पडली. ती दोन मिनिटांत वाळली.

कॉलनीचं नाव निसर्गविहार. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, जिथं पंधरा वर्षांपूर्वी बाजरी होती तिथं आता ही आहे. निसर्ग म्हणून साहेबराव निकाळजे यांच्या दारातलं एक कडुलिंबाचं झाड. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, हद्द वाढली, नळ तेवढा यायचा राहिला. लेआउटच्या नकाशात मात्र पोहण्याचा तलाव होता आणि तो निळ्या शाईनं रंगवलेला होता. चोवीस सालच्या त्या मे महिन्यात धरणाचा तळ दिसायला लागला, बोअर फुसफुसून गप्प झाले, आणि एमआयडीसीत थंड बाटल्या भरायचं काम तेवढं बिनबोभाट चालू राहिलं. माणसांना टँकर.

टँकरलाही पुरावा लागतो. आदल्या उन्हाळ्यात काही टँकर कागदावर वस्त्यांत रिकामे झाले आणि प्रत्यक्षात मंगल कार्यालयांत. त्यावर कचेरीनं उपाय काढला, की चोरी करणाऱ्यावर नजर ठेवायच्याऐवजी पाणी पिणाऱ्यावर ठेवावी. 'जलसाक्षी' नावाचं ॲप आलं. प्रत्येक वस्तीनं एक माणूस साक्षीदार नेमायचा. एकच नंबर, एकच मोबाईल, दुसऱ्याचा चालणार नाही. टँकर आला की साक्षीदारानं ॲप उघडायचं, मोबाईलनं उपग्रहांना विचारून आपण कुठं आहोत ते ठरवायचं, वर्तुळ हिरवं झालं की स्वतःचं तोंड, टँकरचा नंबर आणि टाकी एका फोटोत घ्यायची. मग कॉक उघडणार. हे सगळं बारा मिनिटांत. लागोपाठ तीन फेऱ्या अपूर्ण राहिल्या की वस्ती यादीतून बाद. पुन्हा नाव घालायचं तर अर्ज, स्थळपाहणी, शेरा. तोवर पावसाळा येतो. आला तर.

अनंतराव या पदावर निवडून आले होते. दहा विरुद्ध आठ. पडलेले उमेदवार नानासाहेब, ज्यांनी कॉलनीतले निम्मे प्लॉट विकले होते आणि तो निळा तलाव सगळ्यांना बोटानं दाखवला होता. अनंतरावांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती. धरण त्यांनी फक्त सहलीला पाहिलं, पण धरणाचं एकही पत्र त्यांच्या शिक्क्याशिवाय हललं नाही. अशा माणसाच्या हातून पहिलीच फेरी अपूर्ण गेली.

ते घरी आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते, म्हणजे अकरा पन्नास. पुराणिकांच्या घरात घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची रीत वडिलांपासूनची. वेळेवर पोचावं म्हणून. घरातला प्रत्येक माणूस घड्याळ बघतो, मनातल्या मनात दहा वजा करतो आणि निवांत बसतो. त्यामुळं या घरातलं कुणी कधी लवकर पोचलेलं नाही, पण शिस्त आहे.

"मिळालं का हो पाणी?" यमुनाबाईंनी आतून विचारलं.

"प्रक्रिया चालू आहे," अनंतराव म्हणाले.

संध्याकाळी सल्ले सुरू झाले. निसर्गविहारात पाण्याचा दुष्काळ होता, सल्ल्याचा कधीच नव्हता.

नानासाहेब म्हणाले, "अनंतराव, तुमचा मोबाईल आकाशाकडं बघतो तेव्हा मधी लिंबाचं झाड येतं. झाड काढा, सिग्नल आला म्हणून समजा."

साहेबराव खुर्चीतनं उठले. हा माणूस एसटीत कंट्रोलर होता, पैठणच्या स्टँडवर चौदा वर्षं गाड्या सोडल्या. आवाज अजून स्टँडवरचाच. "नानासाहेब, उपग्रह वीस हजार किलोमीटरवर हाये. मधी ढग हायेत, विमानं हायेत, घारी हायेत. आडवं आलं ते माझं झाड? आमची लीला भांड्याचं पाणी घालून जगवती त्याला. तोडायचं नाव काढायचं नाय."

मग झाडापासून लांब, रस्त्याच्या मधोमध नानासाहेबांनी चुन्याचा एक गोल आखला. साक्षीदारानं इथंच उभं राहायचं. क्रिकेटच्या पिचसारखा तो गोल रोज पुन्हा आखला जाई, कारण रोज कुणीतरी त्यातनं स्कूटर नेई.

मनकर्णाबाईंनी स्टीलची परात आणून दिली. "छत्री नसती का टीव्हीची? तसं धरा. परातीत मोबाईल ठिवा, आपसूक वढून घेतंय." अनंतरावांना हे अशास्त्रीय वाटलं, पण परात चकचकीत होती आणि नाही म्हणायला दुसरं काही सुचत नव्हतं.

आठच्या आकड्याचा शोध त्यांनी स्वतः लावला. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, की मोबाईल हवेत इंग्रजी आठासारखा फिरवला की त्याला दिशा सापडते. अनंतराव सकाळ-संध्याकाळ गोलात उभे राहून मोबाईल फिरवायला लागले. दूधवाल्यानं पहिल्या दिवशी बघितलं आणि यमुनाबाईंना हळूच विचारलं, "कुणाची दृष्ट काढायलेत?" तिसऱ्या दिवशी अनंतरावांचा खांदा धरला. दिशा मोबाईलला सापडली असेल, खांद्याला बाम लागला.

शेवटी त्यांनी पुण्याला मुलाला फोन केला. हे त्यांनी सगळ्यात शेवटी केलं, कारण बापानं मुलाला विचारणं म्हणजे जावक क्रमांक नसलेलं पत्र पाठवणं.

चिन्मयनं घाईघाईत पण नीट सांगितलं. "बाबा, उपग्रह सारखे फिरत असतात. आत्ता डोक्यावर कोणते आहेत हे मोबाईलला आधी कळावं लागतं. नेट चालू असेल तर ते वेळापत्रक नेटवरून एका क्षणात येतं. नसेल तर तो बिचारा आकाशातून एकेक अक्षर उतरवून घेतो, त्यात दहा-बारा मिनिटं जातात. नेट चालू ठेवा. बॅटरी वाचवायचं बटण बंद ठेवा. मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. आणि मोबाईलमधली वेळ बरोबर आहे ना?"

अनंतरावांना हा प्रश्न लागला. "चिन्मय, या घरात वेळ कधी चुकलेली नाही."

"बरं बरं. मीटिंग आहे बाबा, ठेवतो."

दुसऱ्या फेरीला अनंतराव तयारीनं उतरले. इस्त्रीचा शर्ट, कारण तोंड फोटोत येणार. नेट चालू. बॅटरीचं बटण बंद. पायाखाली चुन्याचा गोल, हातात परात, परातीत मोबाईल. पुंडलिकनं गाडी लावली आणि हे दृश्य बघून बिडी पेटवायची विसरला.

"काका, प्रसाद हाये का?"

"तुझं काम कर."

वर्तुळ पिवळंच. पाच मिनिटं झाली. आठ झाली. नानासाहेब घसा साफ करू लागले, निवडणूक पुन्हा घ्यावी लागेल अशा अर्थाचा. दहाव्या मिनिटाला घाम परातीत पडायला लागला. आणि अकराव्या मिनिटाला वर्तुळ हिरवं झालं.

काय ओरडले लोक! अनंतरावांनी फोटो काढला, पुंडलिकनं कॉक उघडला, टाकीत धबाधबा पाणी पडलं. मनकर्णाबाईंनी परातीला कुंकू लावलं. अनंतराव नम्रपणे म्हणाले, "काही नाही हो. तंत्रज्ञान आहे, समजून घ्यावं लागतं."

संध्याकाळी मोबाईलवर संदेश आला. 'फेरी अपूर्ण. छायाचित्र नाकारले. कारण क्रमांक चौदा.'

यमुनाबाई तांदूळ धूत होत्या. त्यांनी पातेलं वर उचलून दाखवलं. "मग हे काय आहे?"

"कागदोपत्री काही नाही," अनंतराव म्हणाले. एकतीस वर्षं हीच भाषा त्यांनी दुसऱ्यांना ऐकवली होती. ती ऐकणाऱ्याला कशी लागते ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि कळूनही त्यांचा खात्यावरचा विश्वास उडाला नाही. असे लोक आहेत म्हणून खाती आहेत.

दोन फेऱ्या गेल्या होत्या. तिसरी गेली की अठरा घरं यादीतून बाद.

सकाळी कचेरीत जायला रिक्षा मिळेना. साहेबरावांनी मोटारसायकल काढली. "बसा अनंतराव. चला, बघू काय म्हणतेत."

अनंतराव बसले. आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. एका गल्लीत बारा वर्षं राहून ते साहेबरावांच्या घरी कधी चहा प्यायले नव्हते. कारण विचारलं असतं तर त्यांनी ॲसिडिटी सांगितली असती. नानासाहेबांकडं, मनकर्णाबाईंकडं, बँकेत, मुंजीत, तेराव्याला ती ॲसिडिटी होत नसे. साहेबरावांना हे माहीत होतं. त्यांच्या बायकोला, लीलाबाईंनाही माहीत होतं. त्या दर दिवाळीला विचारत आणि दर दिवाळीला पोट तपासून घ्यायला सांगत.

कचेरीत कारभारी नावाचा माणूस कारण क्रमांकांच्या टेबलावर बसला होता. एक ते तेरा शेजारच्या टेबलावर, चौदापासून पुढं याच्याकडं. त्यानं संगणकाचा पडदा फिरवून दाखवला.

"हा तुमचा फोटो. काढला बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी. आमच्याकडं पोचला बारा वीसला."

अनंतरावांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "हे अशक्य आहे."

"अशक्य हाये म्हणूनच तर नाकारलंय."

"पत्र लिहिण्याच्या आधी पोचलं, असं होईल का कधी? मी आवक-जावकला होतो, एकतीस वर्षं!"

"मग तुम्हीच सांगा साहेब, मी आवक आधी दाखवू का जावक?" कारभारी थंडपणे म्हणाला. "आमचा काय भरवसा बसंना. लोक लई हुशार झालेत. जुने फोटो लावतेत, तारखा फिरवतेत. तुम्ही तर पुढचाच फोटो काढून ठेवलाय. जे पाणी अजून आलंच नाय, त्याची पोच शासन कशी घेणार?"

अनंतरावांचा चेहरा पडला. लाच, दिरंगाई, गहाळ फाइल, यातलं काही म्हणाला असता तरी त्यांनी सोसलं असतं. पण तारीख फिरवली असं म्हणाला. ते उभे राहिले आणि राजीनाम्याचा मसुदा मनात तयार करायला लागले. 'सविनय सादर' पर्यंत आले होते.

तेवढ्यात साहेबरावांनी विचारलं, "अनंतराव, तुमच्या मोबाईलात आत्ता किती वाजले?"

"बारा पाच."

"माझ्यात अकरा पंचावन्न हायेत."

"अहो, ते बरोबरच आहे. आमच्याकडं दहा मिनिटं..." अनंतराव बोलता बोलता थांबले.

चिन्मयनं दोन वर्षांपूर्वी मोबाईल दिला, तेव्हा त्यांनी पहिलं काम तेच केलं होतं. आपोआप वेळेचं बटण बंद केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी मोबाईल जुळवून घेतला. घरात एक रीत असावी म्हणून.

कारभारी हसला नाही. त्याला चौदा क्रमांकावर हसायची परवानगी नसावी. साहेबरावांच्या मात्र सगळं ध्यानात आलं. स्टँडवर चौदा वर्षं काढलेली. "म्हणजे असं बघा. वेळापत्रक नेटवरनं बरोबर आलं. पण घड्याळ पुढं. मग तुमचा मोबाईल बारा दहाच्या उपग्रहाची बारालाच वाट बघत फलाटावर उभा. उपग्रह यायचाय अजून गंगापूरहून, आणि ह्यो म्हणतो गाडी कुठंय, गाडी कुठंय. सापडंल कसा? अकरा मिनिटं धुंडाळून सापडला हेच नशीब म्हणा."

कारभारीनं मोबाईल घेतला, एक बटण दाबलं आणि परत दिला. बाहेर, कचेरीच्या आवारात, मोकळ्या आकाशाखाली अनंतरावांनी ॲप उघडून पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा अंक मोजेपर्यंत वर्तुळ हिरवं. परात नाही, आठ नाही, बाम नाही.

मोटारसायकलवर बसताना ते म्हणाले, "साहेबराव, हे कॉलनीत..."

"मी कंट्रोलर व्हतो, अनंतराव. गाडी लेट का झाली हे पब्लिकला कधी सांगितलं नाय."

घरी त्यांनी यमुनाबाईंनाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मग भिंतीवरचं घड्याळ, वडील, शिस्त, हे सगळं निघालं असतं, आणि बायको नेमकी बरोबर ठरली असती. अनंतरावांनी गप्प राहायचं ठरवलं. मोबाईल बरोबर झाला, भिंत पुढंच राहिली.

तिसऱ्या फेरीचा संदेश आला, 'टँकर अकरा वीस'. आज फोटोत तोंड नीट दिसायला हवं म्हणून अनंतराव दाढीला बसले. पाण्याचा एक पेला, पेल्यात ब्रश, आरशाला टेकून मोबाईल. डाव्या गालावर ब्लेड फिरवता फिरवता त्यांनी मोबाईलमध्ये बघितलं, अकरा अठरा. दहा वजा केले. अकरा आठ. भरपूर वेळ.

बाहेर हॉर्न वाजला.

"अहो, टँकर आला!" यमुनाबाई ओरडल्या.

"लवकर आला असेल. त्याची वेळ ठरलेली आहे. लवकर येणाऱ्यांमुळेच व्यवस्था बिघडते," अनंतराव म्हणाले आणि डावा गाल दुसऱ्यांदा उलट्या हातानं करायला घेतला, कारण इस्त्रीचा शर्ट आणि खुंट हे एका फोटोत शोभत नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. मनकर्णाबाईंचा आवाज आला. नानासाहेबांचा घसा आला. मग एक शिट्टी वाजली. लांब, ताणलेली, पैठण स्टँडवरची. अशी शिट्टी ऐकली की सुटलेली गाडीसुद्धा थांबायची. अनंतरावांनी मोबाईलकडं पाहिलं. अकरा एकतीस. दहा वजा केले. अकरा एकवीस.

आणि ब्लेड हनुवटीवरच थांबलं. मोबाईल आता पुढं नव्हता.

ते निघाले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, एका पायात चप्पल, डावा गाल गुळगुळीत, उजवा पांढराशुभ्र फेसाचा. इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला. रस्त्यावर अठरा घरं उभी होती. साहेबराव टँकरच्या दारातच पाय रोवून उभे होते आणि पुंडलिकला म्हणत होते, "फेरीचा कागद कुठंय? सही कुठंय? कंट्रोलरच्या सहीबिगर गाडी सुटत नसती, लेका."

"काका, तुम्ही रिटायर हायेत!"

"शिट्टी रिटायर नाय झाली."

"चाळीस सेकंद ऱ्हायलेत! मी चाललो!"

अनंतराव चुन्याच्या गोलात येऊन थडकले. ॲप उघडलं. पिवळं वर्तुळ फिरायला लागलं. 'उपग्रह शोधत आहे'. मनकर्णाबाईंनी परात पुढं केली, ती त्यांनी कोपरानं बाजूला सारली. एक, दोन. फेसाचा एक थेंब पडद्यावर पडला. तीन. नानासाहेब म्हणाले, "आता निवडणूक..." चार, पाच. कुणीतरी डोळे मिटले. सहा.

हिरवं.

फोटोत टँकरचा नंबर आला, टाकी आली, आणि साक्षीदाराचं तोंड आलं, जसं होतं तसं. पुंडलिकनं कॉक उघडला.

पुढच्या आठवड्यात ॲपमध्ये एक नवीन पान आलं, 'आदर्श छायाचित्र'. नंबर स्पष्ट, टाकी स्पष्ट, चेहरा स्पष्ट, सहा सेकंदांत स्थाननिश्चिती. शहरभरचे साक्षीदार आपापल्या वस्तीत पिवळ्या वर्तुळाची वाट बघत उभे राहतात, तेव्हा त्यांना अनंतराव पुराणिकांचा अर्धा फेस दिसतो. ते पान काढावं असा अर्ज त्यांनी केला आहे. अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. यापुढं काही होणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी टाकी भरत होती, वीज गेलेली होती, मोटर बंद होती आणि अनंतरावांच्या घरात एक पेला पाणी होतं, तेही साबणाचं. फेस उन्हात वाळून गालाला ओढ बसायला लागली. लीलाबाईंनी टाकीतनं पहिली कळशी भरली, त्यातला एक तांब्या लिंबाच्या बुडाशी ओतला आणि दुसरा ओट्यावर आणून ठेवला.

"या हो," साहेबराव म्हणाले. "आरसा हाये आमच्यात. राहिलेली अर्धी उरकून घ्या."

अनंतराव ओट्यावर बसले. उजवा गाल झाला. तोंड धुतलं. लीलाबाई दारात उभ्या होत्या, चेहरा अगदी सरळ.

"च्या ठेवू का? का ॲसिडिटी?"

समोर नानासाहेब बघत होते. मनकर्णाबाई परात घेऊन उभ्या होत्या. अख्खी गल्ली कळश्या भरता भरता थांबली होती. अनंतरावांनी मोबाईल काढला, वेळ बघितली आणि सवयीनं दहा मिनिटं वजा केली.

"ठेवा," ते म्हणाले. "वेळ आहे."